राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची बाहेरच्यांसाठीची सेवा: नागपूरहून नमुना पाठवणाऱ्यांसाठी परीक्षण

बुटीबोरीत किंवा हिंगण्याला मालात काही बिघडलं, ग्राहकाने लॉट परत पाठवला, की कोणी तरी म्हणतंच, "एनसीएलला पाठवून दे." पुण्यात पाषाणला असलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेवरचा हा विश्वास रास्त आहे, पण त्यामागचा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो. एनसीएलला मोठी टेस्टिंग लॅब समजून लोक नमुना पाठवतात. प्रत्यक्षात ती संशोधनासाठी उभारलेली संस्था आहे. तिथली यंत्रं आधी तिथल्या शास्त्रज्ञांसाठी आणि पीएचडीच्या मुलांसाठी चालतात, आणि उरलेला वेळ बाहेरच्यांना पैसे घेऊन मिळतो. रिपोर्टला वेळ का लागतो, त्यावर "पास" किंवा "फेल" का लिहीत नाहीत, कोटेशन एकाकडून आणि बिल दुसऱ्याकडून का येतं, या नेहमीच्या तक्रारींचं मूळ रचनेतच आहे. त्यामुळे परीक्षण सेवेचं असलं तरी आधी रचना समजून घ्यावी लागते.

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआर, २६ सप्टेंबर १९४२ ला स्थापन झाली. कागदोपत्री ती सरकारचं खातं नाही. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली ती संस्था आहे. पंतप्रधान तिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात, आणि तिचे महासंचालक हेच केंद्र सरकारच्या विज्ञान आणि औद्योगिक संशोधन विभागाचे सचिव असतात. तिच्या छत्राखाली देशभर ३७ प्रयोगशाळा आहेत. पुण्याची एनसीएल त्यातली एक, हैदराबादची रासायनिक तंत्रज्ञानाची आयआयसीटी, भावनगरची मिठाची आणि सागरी रसायनांची प्रयोगशाळा, कारैकुडीची विद्युतरसायनाची आणि आपल्या नागपुरातली नेहरू मार्गावरची पर्यावरण अभियांत्रिकीची नीरी याही त्यातल्याच. ग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की करार करताना समोरचा पक्ष एनसीएल नसतो. करारात सीएसआयआरचं नाव येतं आणि प्रयोगशाळा तिच्या वतीने सही करते. पॅन नंबरही परिषदेचाच. तुमच्या अकाउंटंटने व्हेंडर फॉर्ममध्ये "नॅशनल केमिकल लॅबोरेटरी" लिहिलं आणि पॅन पडताळणीत नाव जुळलं नाही, तर घाबरू नका. नाव बदला आणि पुढे चला. हे आधी माहीत नसलं तर पेमेंट आठवडाभर सहज अडकतं.

प्रयोगशाळेच्या आत सर्वांत वर संचालक. संशोधनाची दिशा ठरवायला बाहेरच्या तज्ज्ञांची रिसर्च कौन्सिल आणि कारभारासाठी मॅनेजमेंट कौन्सिल. एनसीएलचं उद्घाटन ३ जानेवारी १९५० ला पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. जे. डब्ल्यू. मॅकबेन हे पहिले संचालक. रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्रातले के. वेंकटरामन १९५७ मध्ये पहिले भारतीय संचालक झाले. आज कामाची विभागणी साधारण अशी आहे: सेंद्रिय रसायनशास्त्र, उत्प्रेरण आणि असेंद्रिय रसायनशास्त्र, भौतिक आणि पदार्थ रसायनशास्त्र, पॉलिमर, जैवरसायन, आणि रासायनिक अभियांत्रिकी. एनसीआयएम हा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रहही याच आवारात आहे. किण्वनाच्या कामाला खात्रीचं कल्चर हवं असेल तर ते तिथून विकत मिळतं. २००७ पासून त्याच आवारात व्हेंचर सेंटर नावाची स्टार्टअपसाठीची स्वतंत्र संस्था आहे. तिचा कारभार आणि दर वेगळे. पत्ता एकच म्हणून दोन्हीकडे एकच मेल टाकू नका.

आता माणसं. तिथे तीन वेगळ्या शिड्या आहेत. पहिली शास्त्रज्ञांची: सायंटिस्ट, सीनियर, प्रिन्सिपल, सीनियर प्रिन्सिपल, चीफ. दुसरी तांत्रिक: टेक्निशियन, टेक्निकल असिस्टंट, टेक्निकल ऑफिसर आणि त्याच्या वरच्या पायऱ्या. तिसरी प्रशासनाची, आणि तिच्यात पुन्हा प्रशासन, वित्त व लेखा, भांडार व खरेदी असे तीन विभाग. या तिसऱ्या शिडीवरचे वरिष्ठ अधिकारी परिषदेच्या सामाईक केडरमधले असतात. आज पुण्यात, उद्या लखनौत. शास्त्रज्ञाचं आयुष्य बहुधा एकाच प्रयोगशाळेत जातं. त्यामुळे शास्त्रज्ञ तुम्हाला "करू या" म्हणाला तरी काम सुरू झालं असं समजू नये. त्याचा होकार तांत्रिक असतो. पैशाचा होकार वित्त विभागाकडून येतो, आणि तिथे बसलेला माणूस तुमच्या रेणूकडे नाही, नियमाकडे बघतो. त्यालाही दोष देता येत नाही, पुढे ऑडिटला त्यालाच उभं राहायचं असतं.

पाठपुरावा कोणाकडे करायचा हे यावरूनच ठरतं. यंत्रावर नमुना लागला का, हे टेक्निकल ऑफिसरला विचारा. बिल आणि पावतीसाठी लेखा विभाग. कराराचा मसुदा कुठे आहे, हे बिझनेस डेव्हलपमेंट कक्षाला विचारा. नागपूरकरांची जुनी सवय म्हणजे एकच ओळखीचा शास्त्रज्ञ गाठायचा आणि सगळं त्यालाच विचारत राहायचं. तो बिचारा सज्जन असतो, "होऊन राह्यलं" म्हणतो, आणि पावती निघालेलीच नसते.

नमुना पाठवून यंत्रावर मापन करून घेणं ही झाली तांत्रिक सेवा. ती सर्वांत सरळ आहे. फॉर्म भरायचा, नमुन्याचं नाव, विद्रावक, विषारीपणा, ज्वलनशीलता लिहायची, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस मागवायचा, १८ टक्के जीएसटीसह आगाऊ पैसे भरायचे, मग नमुना पाठवायचा. उद्योगाचा दर आणि शैक्षणिक संस्थेचा दर अशा संस्थांत सहसा वेगळे असतात. स्टार्टअपला सवलत आहे का, हे कोटेशन येण्याआधी विचारा. बिल निघाल्यावर ते बदलणं म्हणजे फाइल पहिल्या टेबलावर परत नेणं.

मापनाच्या दर्जाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: यंत्रं आणि ती चालवणारे हात यांना पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो यासाठी, की तिथले लोक तुम्ही मागितलं तेच मोजतात. चुकीचं मागितलं तर चुकीचंच, पण अचूक मोजून मिळतं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या, संत्र्याच्या सालीचं तेल. खरेदीदार म्हणतो भेसळ आहे, विकणारा म्हणतो शुद्ध आहे, आणि वाद जीसी-एमएसपर्यंत, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रापर्यंत, पोहोचतो. या तेलात बहुतांश लिमोनीन असतं. लिमोनीनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन कार्वोन, कार्व्हिऑल, लिमोनीन ऑक्साइड असे पदार्थ तयार होतात, आणि उष्णता व उजेड मिळाला की हे झपाट्याने होतं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात असताना अर्धी भरलेली बाटली ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून सातशेएक किलोमीटर पाठवली, तर रिपोर्टमध्ये कार्वोनचा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, येणारच. खरेदीदार लगेच म्हणतो, माल जुना आहे. यंत्र खोटं बोललेलं नसतं. पुण्यात जे तेल पोहोचलं त्याबद्दल ते बोललं, नागपुरात भरलेल्या तेलाबद्दल नाही.

म्हणून पॅकिंग. तपकिरी काचेची १० मि.ली.ची बाटली, टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण, तेल गळ्यापर्यंत, वरच्या मोकळ्या जागेत शक्य असल्यास नायट्रोजन. यंत्राला पातळ केलेल्या द्रावणाचा जेमतेम एक मायक्रोलिटर लागतो, त्यामुळे लिटरभर पाठवण्यात अर्थ नाही. रबरी बूच नको, लिमोनीन रबर फुगवतं. साध्या प्लास्टिकच्या झाकणातून थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारी रसायनं, तेलात उतरतात आणि मास स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे तुकड्यांच्या वजनांच्या आलेखात, १४९ वर काठी उभी राहते, मग "प्लास्टिसायझर मिसळलंय" असा नवा वाद सुरू होतो. भोवती थर्मोकोलही नको. बाटली पाझरली तर लिमोनीन थर्मोकोल विरघळवतं आणि खोक्यात नुसता चिकट लगदा उरतो. कागदाचा चुरा किंवा व्हर्मिक्युलाइट वापरा. या तेलाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, ५० अंशांच्या आसपास आहे, म्हणजे ते ज्वलनशील मालात मोडतं. विमानाने जाणारा कुरिअर ते घेत नाही. म्हणून डब्यावर "सरबत" लिहून पाठवण्याची युक्ती करू नका. रस्त्याने ज्वलनशील माल नेणारा वाहतूकदार धरा, कागदपत्रं नीट जोडा. आणि सर्वांत महत्त्वाचं, त्याच लॉटची दुसरी बाटली सील करून नागपुरात फ्रीजमध्ये ठेवा. वाद उठला तर तीच कामी येते.

मग प्रश्न काय विचारायचा? "भेसळ आहे का" या नावाची कुठली टेस्ट नसते. जीसी-एमएस घटक ओळखतं, पण त्यातल्या पीकच्या क्षेत्रफळाची टक्केवारी म्हणजे वजनाची टक्केवारी नव्हे. प्रमाण हवं असेल तर जीसीलाच जोडलेल्या एफआयडी या ज्योतीच्या डिटेक्टरवर मोजून मागा. शिवाय लिमोनीन, पायनीन, मिर्सीन या सगळ्यांचा रेणुभार १३६, आणि त्यांचे मास स्पेक्ट्रम एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतात की संगणकाच्या लायब्ररीने दिलेलं नाव डोळे झाकून घेता येत नाही. त्यासाठी अल्केनची मालिका त्याच कॉलमवर चालवून रिटेन्शन इंडेक्स, म्हणजे घटक कॉलममधून कधी बाहेर पडतो याचा प्रमाणित आकडा, काढावा लागतो. फॉर्मवर हे स्पष्ट लिहिलं तरच तो मिळतो. दुसऱ्या स्रोताचं लिमोनीन मिसळल्याचा संशय असेल तर प्रकाशीय वलन मोजून घ्या, किंवा रेणूची डावी-उजवी रूपं वेगळी करणारा कायरल कॉलम मागा.

पण यात एक गंमत आहे. भेसळ जर खाद्यतेलाची किंवा जड खनिज तेलाची असेल, तर ती जीसीमधून धड बाहेरच येत नाही. ती इंजेक्टरच्या तोंडाशी जळून बसते आणि क्रोमॅटोग्राम सुंदर, निर्मळ दिसतो. अशा भेसळीला बाष्पीभवनानंतरचा अवशेष तपासणं हाच साधा उपाय: वजन केलेल्या बशीत थोडं तेल, उकळत्या पाण्यावर ठेवून उडवायचं आणि उरलेलं वजन करायचं. बारीक वजनाचा काटा आणि वॉटर बाथ असेल तर हे हिंगण्यातच होतं. पाषाणला जाण्याची गरज नाही, आणि तिथला कोणी जाणकार भेटला तर तोही हेच सांगेल.

इतर यंत्रांच्या बाबतीत थोडक्यात. रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआरला प्रोटॉनसाठी (म्हणजे हायड्रोजनसाठी) ५ ते १० मि.ग्रॅ. पुरतात, कार्बनसाठी ३० ते ५० मि.ग्रॅ. द्या. ड्युटेरियमवाल्या विद्रावकाचे ०.६ मि.ली. लागतात आणि तुमचा पदार्थ कशात विरघळतो हे तुम्हीच आधी बघायचं असतं. "न विरघळल्याने परत" हा शेरा फार सामान्य आहे. नमुन्यात लोखंडाचा किंवा मँगनीजचा अंश असेल तर रेषा पसरतात. रिअ‍ॅक्टरच्या गंजामुळे हे होऊ शकतं, तेव्हा नमुना आधी गाळून, धुऊन पाठवा. डीएमएसओ या विद्रावकात ३.३ पीपीएमच्या आसपास दिसणारा मोठा पीक पाण्याचा असतो. त्यावरून अशुद्धीचे निष्कर्ष काढू नका. एनएमआरचं चुंबक द्रवरूप हेलियमवर चालतं, आणि ठरावीक काळाने ते भरावंच लागतं. हेलियम आयात होतं, त्याची खरेदी निविदेतून होते, आणि पुरवठा रखडला तर चुंबक वाचवायला प्राधान्य दिलं जातं. तुमचा नमुना मग थांबतो. खासगी कंपनी अशा वेळी जास्त पैसे मोजून दुसरीकडून हेलियम आणते. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या संस्थेला तशी मुभा नसते.

कोराडी, खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या राखेपासून विटा आणि ब्लॉक करणारे बरेच जण एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखणारी चाचणी, मागतात. मागताना त्यांना हवी असते "शुद्धता". एक्सआरडी स्फटिक दाखवतं: क्वार्ट्झ, म्युलाइट यांच्या टोकदार रेषा. राखेचा जो काचेसारखा भाग सिमेंटशी खरी प्रक्रिया करतो, तो तिथे फक्त पसरट उंचवट्यासारखा दिसतो. म्हणजे ज्याच्यासाठी राख विकत घेतली तोच भाग या यंत्राला नीट दिसत नाही. ऑक्साइडचं प्रमाण हवं तर एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारी चाचणी. आयएस ३८१२ या भारतीय मानकाप्रमाणे सिलिकायुक्त राखेत सिलिका, अ‍ॅल्युमिना आणि फेरिक ऑक्साइड मिळून किमान ७० टक्के आणि ज्वलनहानी (तापवल्यावर घटणारं वजन) जास्तीत जास्त ५ टक्के लागते. हे तपासायला राष्ट्रीय संशोधन संस्था लागत नाही. ज्या लॅबच्या एनएबीएल व्याप्तीत, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने मंजूर केलेल्या यादीत, ही चाचणी आहे तिथे जा. तिथला रिपोर्ट लवकर येतो आणि ठेकेदार तोच स्वीकारतो. पण एकाच बंकरमधली राख उन्हाळ्यात जमते आणि पावसाळ्यात जमत नाही, असं कोडं असेल, तर मात्र शास्त्रज्ञाकडे जावं. कोडं सोडवणं हीच त्यांची खरी ताकद.

सांडपाण्याचे नमुने हा सर्वाधिक फसणारा प्रकार. धातूंसाठीचं पाणी प्लास्टिकच्या बाटलीत घ्या आणि नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा, नाही तर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि रिपोर्टमध्ये "आढळला नाही" येतं. सहा संयुजेचं क्रोमियम हवं असेल तर आम्ल अजिबात घालू नका, कारण आम्लात ते तीन संयुजेत बदलू शकतं. ते गाळून, थंड ठेवून २४ तासांत मोजायला हवं. तेल आणि ग्रीससाठी काचेची बाटली, आणि पूर्ण नमुना तिच्यातच घ्यायचा. मोठ्या कॅनमधून ओतला तर तेल कॅनलाच राहतं. बीओडीच्या, म्हणजे जैविक ऑक्सिजन मागणीच्या, नमुन्याला ४ अंशांवर ठेवूनही फार तर ४८ तास. त्यामुळे बीओडीचा नमुना पुण्याला पाठवणं हा वेडेपणा आहे. आयसीपी-एमएस या धातूंचे सूक्ष्म अंश मोजणाऱ्या यंत्रावर आर्सेनिक मोजायचं आणि पाणी खारं असेल, तर ते फॉर्मवर लिहा. आरगॉन आणि क्लोरीन मिळून ७५ हाच भार तयार होतो आणि नसलेलं आर्सेनिक दिसू लागतं. ऑपरेटरला आधी कळलं तर तो असे खोटे संकेत गाळणारा कोलिजन सेल चालू करतो. न सांगितलेलं त्याला कळणार कसं?

रिपोर्टवर बहुधा एक ओळ असते: निष्कर्ष फक्त मिळालेल्या नमुन्यापुरते. ती औपचारिकता समजू नका. नमुना कसा काढला, लॉटचा प्रतिनिधी आहे का, याची जबाबदारी त्या ओळीने तुमच्याकडे राहते. दुसरं म्हणजे, संस्था मोठी म्हणून तिचा कागद सगळीकडे चालतो असं नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाला पर्यावरण संरक्षण कायद्याखाली मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट लागतो, अन्नपदार्थांना अधिसूचित प्रयोगशाळेचा. एनएबीएल मान्यता इमारतीला मिळत नाही, एकेका चाचणीला मिळते. व्याप्तीच्या यादीत तुमची चाचणी आणि तुमचा पदार्थ दोन्ही आहेत का, ते बघा. संशोधनाच्या यंत्रावरचा रिपोर्ट वैज्ञानिकदृष्ट्या कितीही उत्तम असला तरी नियामकाच्या टेबलावर तो कदाचित नुसता कागद ठरतो. रिपोर्टसोबत मूळ क्रोमॅटोग्राम किंवा स्पेक्ट्रम, वापरलेली पद्धत, कॉलम, तापमानाचा कार्यक्रम हे मागून घ्या. सहसा मिळतं, पण मागितल्यावरच.

मापनापुढची पायरी म्हणजे सल्ला आणि संशोधनाचा करार. सल्ल्यात शास्त्रज्ञ आपलं ज्ञान देतो, नवे प्रयोग फारसे होत नाहीत. प्रायोजित संशोधनात पैसे तुमचे, प्रयोग त्यांचे. सहयोगी संशोधनात दोघांचा वाटा असतो. फरक नावापुरता नाही. निघालेल्या पेटंटवर हक्क कोणाचा, हे त्यावर आणि करारातल्या शब्दांवर ठरतं, तेव्हा ते कलम वकिलाला दाखवून मगच सही करा. माहिती उघड करण्याआधी गोपनीयतेचा करार करा, आणि तोही शास्त्रज्ञाशी वैयक्तिक नको, संस्थेशी करा. या टप्प्यावर फाइल शास्त्रज्ञ, विभागप्रमुख, बिझनेस डेव्हलपमेंट, वित्त आणि संचालक अशी फिरते. कागदपत्रांच्या वेगाला आम्ही पाचपैकी दोनच देऊ. पण ज्याला एकदा सही झालेला करार मिळाला, त्याला मधेच दर वाढवून मागितले जाण्याची धास्ती नसते, हेही खरं.

प्रत्यक्ष प्रयोग बहुधा जेआरएफ, एसआरएफ या संशोधन शिष्यवृत्त्यांवरची आणि प्रोजेक्टवरची मुलं करतात. एसीएसआयआर या विद्यापीठाच्या दर्जाच्या अकादमीतून त्यांची पीएचडी होते, आणि पीएचडी झाली की ती बाहेर पडतात. हाताची कला त्यांच्यासोबत जाते. म्हणून टप्प्यांचे पैसे ठरवताना प्रत्येक टप्प्याला लेखी कार्यपद्धती मागा: किती ग्रॅम, किती वेळात थेंब टाकले, ढवळण्याचा वेग, तापमान किती अंशांपर्यंत चढू दिलं, रंग कधी बदलला. "खोलीच्या तापमानाला" हा शब्द करारातच बाद करा. पाषाणची खोली आणि मे महिन्यातली बुटीबोरीची शेड यांच्यात वीस अंशांचा फरक पडू शकतो.

स्केलअपवर फसगत सर्वांत महाग पडते. ५०० मि.ली.च्या फ्लास्कमधून ५०० लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये गेलात तर आकारमान हजारपट वाढतं, पण आकार तसाच राहिला तर भिंतीचं क्षेत्रफळ शंभरपटच वाढतं. म्हणजे दर लिटरमागे उष्णता काढायला दहावाच हिस्सा जागा उरते. फ्लास्कमध्ये बर्फाच्या भांड्याने सहज आवरलेली प्रक्रिया मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये हाताबाहेर जाते ती इथे. सेंद्रिय रसायनवाल्या शास्त्रज्ञाशी करार करताना पहिल्या बैठकीलाच रासायनिक अभियांत्रिकी विभागातला माणूस बसवायला सांगा, आणि प्रक्रियेची उष्णता कॅलरीमीटरवर मोजून मागा. नागपुरातल्या कूलिंग टॉवरबद्दलही एक गैरसमज आहे. लोकांना भीती मे महिन्याची असते. पण टॉवरचं पाणी हवेच्या ओल्या तापमानाच्या, म्हणजे ओलं कापड गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो त्या आकड्याच्या, खाली जात नाही, आणि मे महिन्यात हवा कोरडी असल्याने ते तापमान कमीच असतं. जुलै-ऑगस्टमध्ये पारा उतरतो, दमटपणा चढतो आणि टॉवर थकतो. डिझाइनसाठी पुण्याला आकडा द्यायचा तर पावसाळ्याचा द्या.

नागपूरकरांनी पाषाणची आठवण काढण्याआधी गावात काय आहे तेही बघावं. पाणी, हवा, घनकचरा असेल तर नीरी. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून ती सुरू झाली आणि १९७४ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. बॉक्साइट आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी अमरावती रोडवर वाडीला खाण मंत्रालयाची जेएनएआरडीडीसी ही संशोधन संस्था. खनिजांसाठी इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय इथेच, आणि त्यांची खनिज प्रक्रियेची प्रयोगशाळा हिंगण्याला. तेल, रंग, सेल्युलोज, अन्नतंत्र यांत १९४२ पासूनची एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. ती आता स्वतंत्र विद्यापीठ आहे. कृषीरसायनं किंवा औषधांच्या मधल्या टप्प्यांचं काम असेल तर हैदराबादची आयआयसीटी पुण्यापेक्षा जवळ पडते. पाषाणला जावं ते उत्प्रेरक, पॉलिमर आणि अवघड सेंद्रिय संश्लेषणासाठी, किंवा गावातल्या सगळ्यांनी हात टेकल्यावर.

वेळेचं एक सांगायचं राहिलं. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते एप्रिलचा पहिला आठवडा नवा करार घेऊन जाऊ नका. आर्थिक वर्ष संपत असतं, वित्त विभागाचं लक्ष खर्चाच्या ताळेबंदात असतं. नमुने मात्र तेव्हाही जातात. जून ते ऑगस्ट हा काळ आम्हाला सर्वांत बरा वाटतो: नमुना वाटेत तापत नाही आणि फाइल हलते.

पहिला मेल लिहाल तेव्हा त्यात पदार्थ काय आहे, त्यात काय असण्याचा संशय आहे, किती पातळीवर मोजायचं, रिपोर्ट कोणाला दाखवायचा आहे आणि आत्तापर्यंत काय काय करून पाहिलं, एवढं येऊ द्या. एमएसडीएस, म्हणजे पदार्थाच्या धोक्यांचं माहितीपत्रक, सोबत जोडा. "सर, आमचा एक सॅम्पल आहे, रेट सांगा" या मेलला उत्तर आलं नाही तर आश्चर्य मानू नका.